तारेवरचा रस्ता

नेपाळच्या डोंगरात पूल नव्हते तेव्हा तुईन होता. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक तार, तिला कप्पीवर टांगलेली फळी किंवा पेटी, आणि आपल्याच हातांनी ओढत पलीकडे जायचं. शाळेतली पोरंही अशीच जायची. त्या तारेत कित्येकांची बोटं गेली. झुलत्या पुलावर ‘काय थ्रिल आहे!’ म्हणणाऱ्यांनी आधी हे ऐकावं.

साखळ्यांचे पूल हिमालयाला जुनेच. पंधराव्या शतकात थांगतोंग ग्याल्पो या तिबेटी सिद्धानं ते गावोगाव बांधले. काठमांडूजवळ चोभारच्या घळीतला पूल मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, थेट स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनहून आलेला. राजधानीला तेव्हा गाडीरस्ताच नव्हता. सगळं लोखंड हमालांनी डोंगर ओलांडून आणलं.

खरा वेग आला तो 1964 मध्ये सरकारनं झुलत्या पुलांसाठी वेगळा विभाग काढल्यावर. सत्तरच्या दशकात स्विस लोक मदतीला आले, आणि आता पुलांचा आकडा दहा हजारांवर गेला आहे. तंत्र स्विस असलं तरी दगड, वाळू आणि घाम गावाचा. केबल अखंडच लागते, मध्ये जोड चालत नाही. मग तिची वेटोळी एकेकाच्या खांद्यावर चढवतात आणि माणसांची रांगच्या रांग एकाच तारेत ओवल्यासारखी पाऊलवाट चढू लागते. एक थांबला की सगळे थांबले.

माझा जन्म बांधकाम खात्यात गेला, कोकणात साकव उभारण्यात. त्यामुळे या पुलांचं मला फार कौतुक. बहुतेकांना मनोरेच नसतात. केबल दोन्ही काठांवर काँक्रीटच्या अँकरमध्ये गाडलेली. कठड्याची तारसुद्धा नुसती धरायला नाही, तीही भार घेते. झोळ असतो लांबीच्या विसाव्या-बाविसाव्या हिश्श्याइतका. कुश्माचा पूल साधारण 340 मीटरचा, म्हणजे मधोमध तो पंधरा-सोळा मीटर खाली येणार. आधी उतार, मग चढ. खाली शंभर मीटरहून खोल मोदी नदी.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचेच्या चढाआधी हिलरी पूल लागतो. आमच्या पुण्या-मुंबईच्या ग्रुपमधली मंडळी दूधकोसीकडे बघून गणपतीला साकडं घालत होती, मी वाकून केबल पकडून ठेवणाऱ्या बुलडॉग ग्रिपचे नट तपासत होतो. आवळलेले होते. तरी मध्यावर पोटात गोळा आलाच. पायाखालच्या लोखंडी जाळीतून पांढरं पाणी दिसतं. पुढच्याच्या पावलानं उठलेली लाट आपल्या गुडघ्यात येऊन आपटते आणि आपलं पाऊल चुकवते. तेवढ्यात पलीकडून गॅसच्या टाक्या लादलेली खेचरं निघाली. सगळे मागे पळालो, डोंगराच्या अंगाला चिकटून उभे राहिलो. दरीच्या बाजूला कधी थांबायचं नाही, खेचर टाकीनं ढकलून देतं. खेचरांना भीती वगैरे काही नव्हती.

पूल हलण्याची मला काळजी वाटत नाही, चालीशी त्याची लय जुळण्याची वाटते. फ्रान्सच्या आंझे गावात 1850 साली सैनिक पुलावर असताना तो वादळात कोसळला आणि दोनशेहून अधिक जण गेले. गंजलेल्या तारा आणि एका तालातली पावलं दोन्हींना दोष दिला गेला. मोरबीला 30 ऑक्टोबर 2022 रोजी झुलता पूल कोसळून 135 माणसं गेली, आणि तो पूल काही फार उंच नव्हता.

नेपाळात पुलाच्या देखभालीसाठी गावचा माणूस नेमायची पद्धत आहे. हातात पाना घेऊन तो नट आवळतो, अँकरभोवतीचं गवत काढतो, पाणी वाहून जायचा चर मोकळा करतो. आमच्या साकवांना असा माणूस नेमलेला मला तरी आठवत नाही. रंग मात्र दर निवडणुकीला लागायचा.