वऱ्हाडातील घर आणि त्याची डागडुजी

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडण्यपूर हे विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने ओळखले जाते. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६० च्या दशकात येथे उत्खनन केले, त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि येथील टेकाडांत निरनिराळ्या काळांतील वस्तीचे थर एकावर एक साचलेले असल्याचे त्यातून दिसून आले. अशी टेकाडे बऱ्याच अंशी घरांच्याच मातीने वाढतात. भिंत ढासळली की तिची माती जागच्या जागी पसरली जाते आणि तिच्यावरच नवे जोते, म्हणजे घराचा चौथरा, उभे राहते.

महाराष्ट्रातील खेड्याची जमीन पूर्वापार 'काळी' आणि 'पांढरी' अशा दोन भागांत मानली जाते. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे राख, शेण व पडक्या भिंतींच्या मिश्रणाने बनलेले गावठाण. कापसाला पोसणारी काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती घराला घातक ठरते. म्हणून पाया काळीतून खाली घट्ट मुरुमापर्यंत नेला जाई आणि भिंतींसाठी व छतासाठी पांढरी माती वापरली जाई.

वऱ्हाडातील साध्या घराच्या भिंती मातीच्या किंवा कुडाच्या असत. कूड म्हणजे पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) किंवा तुराट्या उभ्या बांधून दोन्ही बाजूंनी लिंपलेली भिंत. लिंपणासाठी मातीत गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, मिसळून ती पाण्यात मुरवत, कारण भुशाच्या तंतूंमुळे सुकताना मातीला तडे कमी जातात. सागवानी खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभे करण्याचे कारणही असेच व्यवहारी होते. लाकडाचा जमिनीशी थेट संबंध तुटला की ओल आणि उधई या दोहोंपासून त्याचे रक्षण होई. छत दोन प्रकारचे असे: तुळयांवर काटक्या व पाला अंथरून वर खारवट पांढरी माती दाबलेले सपाट धाबे, किंवा कुंभाराने घडवलेल्या कवेलूंचे, म्हणजे मातीच्या कौलांचे, उतरते छप्पर.

या घराची दुरुस्ती हा वर्षाच्या कामाचाच एक भाग होता, आणि त्याला ठरलेला क्रम होता. रब्बीची सुगी आटोपल्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागेपर्यंतच्या दिवसांत आधी छत पाहिले जाई. कवेलू फेरणे, म्हणजे कवेलू उतरवून, फुटके बाजूला काढून, वासे व कामट्या तपासून पुन्हा रचणे, हे पहिले काम. धाबे असल्यास त्यावर मातीचा नवा थर चढवून पाणी पन्हाळीकडे वाहील असा उतार राखला जाई. भिंतींचे लिंपण त्यानंतर होई, कारण गळक्या छपराखाली लिंपलेली भिंत पहिल्याच पावसात पुन्हा खचे. भिंती पोतारणे आणि जमीन सारवणे सर्वांत शेवटी येई. लाकूडकाम सुताराकडे, कवेलू कुंभाराकडे आणि सारवण घरातील स्त्रियांकडे असे. बलुतेदारांना सुगीच्या वेळी धान्य मिळत असल्याने कारागीर आणि घर यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या टिके, आणि नव्याने कर्ता झालेल्या माणसालाही घराच्या दुखण्यांची माहिती जाणत्यांकडून गावातच मिळे.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाचे भाव कडाडले आणि १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. कापसाच्या पैशातून अनेक सधन घराण्यांनी दगडविटांचे वाडे बांधले. त्यांच्यासाठी चुनखडी भट्टीत भाजून, पाण्याने विझवून, वाळूसह बैलांच्या घाण्यात मळून चुना तयार होई. पुढे टिनाचे पत्रे आणि सिमेंट आले. दरवर्षीचे कवेलू फेरणे संपले, सुतार-कुंभारांचे बलुते मोडले आणि दुरुस्ती ही दीर्घकाळ लांबवून एकदाच उरकण्याची गोष्ट झाली.

आज वारशाने जुने घर हाती आलेल्या अननुभवी मालकाची अडचण नेमकी येथे सुरू होते. मातीची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, माती मऊ पडते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यांसारखा सुटतो. म्हणून अशा मालकाने एक पावसाळाभर घराचे निरीक्षण करून पाणी कोठून शिरते व कोठे साचते याची नोंद ठेवावी, खांबांचे बूड आणि तुळयांची भिंतीतली टोके टोचून पाहावीत, खर्चाचा पहिला वाटा छत व पन्हाळी यांना द्यावा, आणि भिंतीला तिच्याच जातीचे, म्हणजे मातीचे किंवा चुन्याचे, लिंपण द्यावे. छप्पर उघडण्याचे काम मृगापूर्वी संपेल एवढेच हाती घ्यावे आणि उरलेले पुढच्या उन्हाळ्यावर सोडावे. टप्प्याटप्प्याने केलेली दुरुस्ती खिशाला सोसते, चूक लवकर उघडी पाडते आणि मालकाला आपले घर शिकवते. वऱ्हाडाच्या जुन्या रीतीचे हे शहाणपण आजही तितकेच उपयोगी आहे.