प्रयोगशाळेचा उंबरठा : कमलाबाई सोहोनी

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा वैद्यकापाशी येऊन थांबतो. आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी संपादन केली. रखमाबाईंनी १८९४ साली लंडन येथे आपले वैद्यकीय शिक्षण पुरे केले. ह्या दोघींचे धैर्य लोकोत्तर होते ह्यात संशय नाही. तथापि त्यांच्या मागणीच्या पाठीशी एक व्यावहारिक निकडही उभी होती. माजघरात आजारी पडलेली स्त्री परपुरुषास नाडी दाखविण्यास संकोचे. तिच्यासाठी स्त्री डॉक्टर हवी, हे जुन्या मताच्या गृहस्थासही पटवून देता येत असे. केवळ ज्ञानासाठी प्रयोगशाळेत जाऊ म्हणणाऱ्या स्त्रीस मात्र असा कोणताच आधार नव्हता. ‘तुझे तेथे काय काम?’ ह्या प्रश्नास तिच्यापाशी एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे तिची पात्रता. एवढे उत्तर पुरेसे ठरावयास किती सायास पडले, हे डॉ. कमलाबाई सोहोनी ह्यांच्या चरित्रावरून दिसून येते.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. विख्यात विदुषी दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून शिकून बाहेर पडलेले. घरचा वारसा असा असता कन्येनेही तीच वाट धरावी हे स्वाभाविकच होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन त्या पहिल्या आल्या व त्यांनी बंगलोरला अर्ज पाठविला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाल्याने त्यांची कीर्ती जगभर पसरली होती. त्यांनी हा अर्ज नाकारला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती.

कमलाबाई तेवढ्यावर परतल्या नाहीत. त्या स्वतः बंगलोरला गेल्या आणि त्या काळास साजेसा सत्याग्रह त्यांनी मांडला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे. कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री पटेल तेव्हाच त्यास मान्यता. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये! ह्या अटींचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पुरुष विद्यार्थी नापास झाला तर तो एकटा नापास होई. कमलाबाई नापास झाल्या असत्या, तर समस्त स्त्रीजात नापास ठरली असती. आपले संशोधन आणि आपल्या जातीची जामीनकी, असे दुहेरी ओझे त्या वर्षभर वाहत होत्या.

श्रीनिवासय्या ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये ह्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. विषयाची निवड मोठी अर्थपूर्ण होती. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्यासारख्या गावी ज्या कुटुंबास दूध-तूप दुर्मिळ, त्याच्या शरीराचे पोषण भाकरीबरोबरच्या तूर-हरभऱ्याच्या डाळीवरच व्हावयाचे. तेव्हा त्या डाळीत काय आहे, हे जाणणे म्हणजे गरिबांच्या आरोग्याचेच रहस्य जाणणे होय. वर्षाअखेर रामन ह्यांची खात्री पटली, आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही उघडले. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल ह्यांच्याबरोबर बटाट्यावर काम करीत असता, पेशींच्या श्वसनक्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींतही असते, असे त्यांनी दाखवून दिले. अवघ्या ४० पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. शास्त्रातील ही पदवी मिळविणाऱ्या आद्य भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्याच साली स्वदेशी परतून त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद स्वीकारले; पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत काम केले. १९४७ साली विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या. तेथे नीरेतील पोषक द्रव्यांवर त्यांनी केलेल्या संशोधनास राष्ट्रपती-पारितोषिकाचा मान मिळाला. कालांतराने त्या संस्थेच्या संचालिकाही झाल्या, मात्र तो अधिकार त्यांच्या वाट्यास उशिराच आला. १९९८ साली त्या निवर्तल्या.

बंगलोरचा तो अपमान त्या कधीही विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखविला. त्यात कटुता पाहण्याचे कारण नाही. रामन ह्यांचे शास्त्रातील मोठेपण त्याने उणावत नाही. मोठ्या बुद्धीसही काळाची झापड असू शकते, एवढेच सिद्ध होते. खरा प्रश्न निराळा आहे. कमलाबाईंपाशी विद्यापीठातील पहिला क्रमांक होता, पाठीशी शास्त्रज्ञ पिता होता आणि अंगी हट्ट होता. ह्यांपैकी एखादी गोष्ट उणी असल्यामुळे त्याच दारावरून मुकाट्याने परतलेल्या मुलींची नोंद कोणत्याही इतिहासात नाही. कमलाबाईंचा गौरव करताना त्या अनामिक मुलींचेही स्मरण ठेवले पाहिजे. आणि आपल्या घरातील मुलीने प्रयोगशाळेची वाट धरू म्हटले असता, मुलाकडे न मागितलेला पुरावा आपण तिच्याकडे मागत नाही ना, एवढे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने स्वतःस विचारून पाहावे.