कमला भागवत यांचा प्रबंध

कमला भागवत (विवाहोत्तर सोहोनी) यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला, तो केवळ त्या स्त्री म्हणून. संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. आग्रहाअंती प्रवेश मिळाला, पण वर्षभराच्या कसोटीवर. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास करून १९३६ साली त्या एम्. एस्सी. झाल्या. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतिपेशींतील सायटोक्रोम-सी त्यांच्या हाती आले. १९३९ साली ज्यावर डॉक्टरेट मिळाली, तो प्रबंध अवघा ४० पृष्ठांचा! ‘प्रबंध’ या शब्दात बांधणी आहे, विस्तार नव्हे. पृष्ठे मोजणारे आपले मार्गदर्शक हे विसरतात. रामन यांनी पुढे इतर स्त्रियांनाही प्रवेश दिला. बंगळूरची ती अट मात्र कमलाबाईंना १९९७ सालीही सलत होती.