रणगाड्यावर रोखलेली तार

रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांचा इतिहास सांगताना त्यांनी किती जाड चिलखत भेदले याचीच चर्चा अधिक होते. सुरुवातीच्या तारनियंत्रित क्षेपणास्त्रांचे यशापयश मात्र ठरले ते चालवणाऱ्या सैनिकाच्या हातावर. पोकळ आकाराचे स्फोटक चिलखत फोडते हे दुसऱ्या महायुद्धात सिद्ध झालेच होते; अडचण ते दूरवर नेमके पोहोचवण्याची होती. जर्मनीत मॅक्स क्रामर यांनी रचलेल्या एक्स-७ मध्ये त्यावर उपाय सापडला. अस्त्र उडताना मागे बारीक तार उलगडत जाई आणि तिच्यातून दिशेच्या आज्ञा पोहोचत. रेडिओलहरींत शत्रू अडथळा आणू शकतो, तारेत त्याला शिरकाव नाही. एक्स-७ चा मोठा वापर होण्याआधीच युद्ध संपले. पुढे फ्रान्सने हीच वाट धरली आणि १९५०च्या दशकात एसएस-१० सैन्यात दाखल केले. सुमारे १५ किलोचे हे अस्त्र दीड किलोमीटर जायला वीसेक सेकंद घेई. तेवढा वेळ सैनिकाने शेपटाकडची ज्योत आणि चालता रणगाडा एकाच नजरेत ठेवून छोटी दांडी हलवत राहायचे. दांडी जरा जास्त कलली की अस्त्र जमिनीत घुसे. पल्ल्याचा प्रश्न सुटला, पण नेमाचा सगळा भार एका माणसाच्या धीरावर आला.

यावर १९७३च्या अरब-इस्रायल युद्धाचा दाखला दिला जाईल. सोव्हिएत बनावटीचे माल्युत्का क्षेपणास्त्रही दांडीनेच चालवावे लागे, तरी इजिप्तच्या पायदळाने सिनाईत त्याने इस्रायली रणगाडे टिपले. हे खरेच आहे; पण त्यामागे त्या सैनिकांचा दीर्घ सराव होता, आणि पहिल्या दिवसांत इस्रायली रणगाडे पायदळ व तोफखान्याच्या पुरेशा साथीविना पुढे आले होते. जवळच्या टप्प्यात खांद्यावरून डागायच्या आरपीजी-७ नेही त्यांचे नुकसान केले. रणगाडे जागा बदलत राहिले आणि अस्त्र सुटलेल्या ठिकाणावर मारा करू लागले, तसे दांडी धरलेल्या सैनिकाला हात स्थिर ठेवणे अवघड झाले. म्हणजे १९७३ने दांडीची ताकद दाखवली, तशी तिची मर्यादाही.

खरी प्रगती अमेरिकेच्या टो आणि फ्रान्स-जर्मनीच्या मिलानने केली. त्यांत सैनिकाने फक्त दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरायची. अस्त्र किती ढळले हे उपकरण मोजते आणि दुरुस्तीची आज्ञा तारेतूनच धाडते. भारतानेही हाच टप्पा ओलांडला: हैदराबादेत १९७० साली स्थापन झालेल्या भारत डायनॅमिक्सने आधी दांडीने चालणारे फ्रेंच एसएस-११ बी-१ बनवले, नंतर मिलान. दोन्हींत तार कायम राहिली, हाताचे काम तेवढे सोपे झाले. म्हणून शस्त्राचा पल्ला आणि भेदनशक्ती मोजताना, भर गोळीबारात ते सैनिकाकडून किती कौशल्य मागते, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजायला हवे.