मुरुमाची वाट

इचलकरंजी ते नृसिंहवाडी हा सपाट मुलूख पाहून सायकलस्वाराला वाटावें, येथें रस्ता करणें किती सोपें! खरें उलट आहे. पंचगंगेकांठची काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर माळावरचा मुरूम आणून अंथरावा, तेव्हां कोठें बैलगाडीचें चाक टिकतें.

१८९१ सालीं मिरज-कोल्हापूर आगगाडी सुरू झाली ती हातकणंगल्यावरून. इचलकरंजीला स्टेशन मिळालेंच नाहीं. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या अमदानींत, १९०४ सालीं, विठ्ठलराव दातारांनीं येथें पहिला यंत्रमाग बसविला. मग सुताची नि कापडाची सारी भिस्त सडकेवरच!

गाडीच्या चाकोऱ्यांतून सायकल हांकणें सुसह्य झालें तें डनलॉपनें १८८८ सालीं काढलेल्या हवेच्या टायरमुळें. भरीव रबरावर हाडें खिळखिळीं झालीं असतीं. आज मोठ्या सडका डांबरी आहेत. मुरूम उरला आहे तो उसाच्या मळ्यांकडील वाटांवर. सायकलस्वारानें त्या धराव्यात, मात्र पावसाळा उलटल्यावर.