कोंबड्यांचे आजार : मेलेल्या पक्ष्यांपेक्षा जिवंत पक्ष्यांत बुडतो जास्त पैसा

नवापूर (जि. नंदुरबार) इथल्या पोल्ट्रींत 2006 च्या सुरुवातीला कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा आधी रानीखेत म्हणजे मानमोडीचाच संशय आला. 18 फेब्रुवारीला बर्ड फ्लू जाहीर झाला. देशातली ही पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग सापडला आणि 2021 मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

मात्र दर बॅचला खिसा कापतात ते नेहमीचे आजार.

न दिसणारा तोटा

कोंबडीपालनाच्या खर्चात साधारण 65 ते 70 टक्के वाटा खाद्याचा असतो. रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) किंवा सर्दी-घरघर (सीआरडी) झाली की पक्षी खातो, पण वजन धरत नाही.

समजा 1,000 ब्रॉयलर आहेत. निरोगी पक्ष्याला 2 किलो वजनासाठी 3.2 किलो खाद्य लागलं आणि आजारी बॅचमध्ये 3.6 किलो लागलं, तर 400 किलो खाद्य जादा गेलं. 40 रुपये किलोने 16,000 रुपये झाले. त्याच बॅचमध्ये चौथ्या आठवड्यात 50 पक्षी मेले, तर पिल्लाचे 35 रुपये आणि खाल्लेल्या 2 किलो खाद्याचे 80 रुपये धरून नुकसान 5,750 रुपये. म्हणजे मेलेले पक्षी मोजून तोट्याचा हिशोब लागत नाही.

करारावरच्या पोल्ट्रीतही हा फटका बसतो. जादा खाद्य लागलं की पालनाचा दर कापला जातो.

साथ आली की बाजारही बसतो

जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशी बातमी आली की मुंबईत लालबाग, परळ, रे रोडचं गिऱ्हाईक चिकनकडे पाठ फिरवतं आणि ज्याच्या शेडमध्ये रोगच नाही त्याचाही माल पडून राहतो. पक्षी विकला जात नाही, पण खाद्य रोज घालावंच लागतं. खरं तर 70 अंश सेल्सिअसच्या वर नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यात हा विषाणू टिकत नाही.

भरपाई कशाची मिळते?

2021 मध्ये जाहीर झालेले दर असे होते :

- अंडी देणारी जात, 8 आठवड्यांवरील : 90 रुपये
- ब्रॉयलर, 6 आठवड्यांवरील : 70 रुपये
- त्याहून लहान पक्षी : 20 रुपये
- अंडं : 3 रुपये, खाद्य : 12 रुपये किलो

अंड्यावर येईपर्यंत एक कोंबडी सुमारे 7 किलो खाद्य खाते. तेव्हा 90 रुपयांत ती पुन्हा उभी राहत नाही. शिवाय भरपाई सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. मर लपवून चार दिवस वाट बघितली तर तेवढी रक्कम हातची जाते. 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारकही आहे.

हे करा

- पहिल्या आठवड्यात लासोटा, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो. बूस्टर आणि पुढच्या लसी डॉक्टरांना विचारून. मरेक्सची लस हॅचरीतच टोचली आहे ना, विचारून घ्या.
- लस बर्फात आणा, क्लोरीनच्या पाण्यात कालवू नका.
- तूस ओला राहू देऊ नका. रक्ती हगवण तिथूनच वाढते.
- शेडच्या दारात चुना ठेवा, चप्पल वेगळी ठेवा. दुसऱ्याच्या पोल्ट्रीतून आलेली गाडी, ट्रे आत घेऊ नका.
- रोजची मर, खाद्य आणि वजन वहीत लिहा. पक्षी अचानक कमी खाऊ लागले, ही पहिली खूण.
- एकदम मर वाढली तर मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नका, विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर त्याच दिवशी कळवा.