तारांचा ताण आणि एक घराणे

आपल्याकडे बहुतेकांची पियानोशी ओळख झाली ती जुन्या हिंदी चित्रपटांतून. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात, म्हणून हे वाद्य म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ असावा अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात दोघांचे नाते दूरचे आहे. पेटीत भात्याची हवा धातूच्या पत्तीला कंप देते. पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली एक हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. या अर्थाने पियानो पेटीपेक्षा संतूरला जवळचा आहे.

या वाद्याच्या इतिहासात एका कारखान्याचे नाव पुन्हा पुन्हा येते: स्टाइनवे अँड सन्स. या कारखान्याची गोष्ट आपण येथे पाहणार आहोत. ती केवळ एका धंद्याच्या भरभराटीची गोष्ट नाही. सुतारकाम, लोखंडाचे ओतकाम, ध्वनिशास्त्र, जाहिरात, कामगारांचे संप आणि दोन महायुद्धे हे सारे तिच्यात आहे. शाळेत हे विषय आपण वेगवेगळ्या तासांना शिकवतो. येथे ते एकाच लाकडी पेटाऱ्यात भेटतात.

तारेचे गणित

आधी थोडे विज्ञान. इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या वाद्यकाराने इ. स. १७०० च्या सुमारास पहिला पियानो बनवला. त्याआधीच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यात तार छेडली जाई. पट्टी हळू दाबा की जोराने, आवाज जवळपास तेवढाच. हातोडीमुळे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा करता येऊ लागला. ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरात. ‘पियानोफोर्ते’ हे नाव त्यावरूनच पडले.

पुढच्या शतकात मैफली राजवाड्यांतून मोठ्या सभागृहांत आल्या. श्रोते शेकड्यांनी वाढले आणि आवाजही मोठा हवा झाला. त्यासाठी तारा जाड हव्यात, आणि जाड तारेतून तोच स्वर काढायचा तर ताण वाढवायला हवा. सोनोमीटरचा प्रयोग करताना विद्यार्थी हा नियम शिकतातच: तारेची कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. फ्रान्समधील मेर्सेन याने सतराव्या शतकात हे दाखवून दिले होते.

आता वर्गात करण्याजोगे एक गणित. पियानोतील सर्वांत वरच्या स्वराची तार सुमारे ५ सेंमी लांब असते. एक सप्तक खाली आले की कंपनसंख्या निम्मी होते. केवळ लांबीवर भागवायचे तर प्रत्येक सप्तकाला तार दुप्पट करावी लागेल. सात सप्तके खाली येता ५ सेंमीचे ६४० सेंमी होतात. साडेसहा मीटरचे वाद्य कोणाच्या घरात मावणार? म्हणून खर्जाच्या तारांवर तांब्याची तार गुंडाळून त्यांचे वस्तुमान वाढवतात. मैफलीचा सर्वांत मोठा स्टाइनवे पियानो २७४ सेंमी लांब आहे, तो या युक्तीमुळेच.

दुसरे गणित ताणाचे. आजच्या पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. प्रत्येक तारेवर सरासरी ८० किलोग्रॅम वजनाइतका ताण धरला तर एकूण ताण १८,४०० किलोग्रॅम भरतो. म्हणजे दोन मालट्रकांचा माल सतत ओढत राहावा, तसे. एवढा ताण एकट्या लाकडाने कसा सोसावा? चौकट वाकणार आणि स्वर उतरणार. अमेरिकेत बॉस्टन येथील आल्फियस बॅबकॉक याने १८२५ साली बिडाच्या एकसंध चौकटीचे पेटंट घेतले. त्याच शहरातील जोनास चिकरिंग याने १८४३ साली ती मोठ्या पियानोला लागू केली. स्टाइनवे घराण्याचा प्रवेश होण्यापूर्वीची स्थिती ही अशी होती.

स्वयंपाकघरातून न्यूयॉर्कला

हाइनरिश एंगेलहार्ड श्टाइनवेग यांचा जन्म १७९७ साली जर्मनीतील हार्त्स पर्वताच्या परिसरात झाला. ते मुळात लाकूडकाम करणारे कारागीर होते. झेझेन या गावी त्यांनी १८३६ साली आपल्या घराच्या स्वयंपाकघरात पहिला मोठा पियानो तयार केला. १८४८ च्या राजकीय उलथापालथीनंतर जर्मनीत धंद्याचे दिवस बरे नव्हते. १८५० साली हाइनरिश कुटुंबासह न्यूयॉर्कला गेले. थोरला मुलगा थिओडोर मात्र जर्मनीतच राहिला.

नव्या देशात त्यांनी लगेच दुकान थाटले नाही. सुमारे तीन वर्षे बाप-लेक इतरांच्या कारखान्यांत काम करत राहिले. तिथली कामाची पद्धत, माल आणि बाजार त्यांनी समजून घेतला. ५ मार्च १८५३ रोजी त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. श्टाइनवेगचे इंग्रजी वळणाचे स्टाइनवे झाले. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांच्या चौकोनी पियानोला सुवर्णपदक मिळाले.

या पियानोत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या: बिडाची चौकट आणि तिरप्या तारा. खर्जाच्या तारा समांतर न ठेवता इतर तारांच्या वरून तिरप्या नेल्या की तेवढ्याच पेटाऱ्यात तार अधिक लांब मावते. शिवाय तारांचा कंप ध्वनिफलकाला देणारी घोडी काठाकडून मध्याकडे सरकते आणि तिथे फलक अधिक मोकळेपणाने कंप पावतो. हाइनरिश यांचा मुलगा हेन्री याने १८५९ साली मोठ्या पियानोसाठी या रचनेचे पेटंट घेतले.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस जरूर आणावी. बिडाची चौकट स्टाइनवेंनी शोधली नव्हती. तिरप्या ताराही चौकोनी आणि उभ्या पियानोंत त्यांच्याआधी वापरल्या गेल्या होत्या. या दोहोंचा मेळ मोठ्या पियानोत नीट बसवणे, हे त्यांचे काम. पाठ्यपुस्तकात आपण एका शोधापुढे एक नाव आणि एक साल लिहितो. वस्तूंचा इतिहास सहसा इतका सरळ नसतो.

ध्वनिशास्त्राची सोबत

१८६५ च्या मार्च महिन्यात या घरावर मोठा आघात झाला. हेन्री क्षयाने आणि दुसरा भाऊ चार्ल्स विषमज्वराने, असे दोघे एकाच महिन्यात गेले. जर्मनीतला धंदा विकून थिओडोर न्यूयॉर्कला आला. कारखान्याची तांत्रिक बाजू त्याने सांभाळली आणि धाकटा भाऊ विल्यम व्यवहार पाहू लागला.

थिओडोर कारागीर होता, तसाच वाचकही. हेर्मान फॉन हेल्महोल्त्स या जर्मन शास्त्रज्ञाचा स्वरसंवेदनांवरील ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला होता. कोणताही स्वर एकटा नसतो, त्यात मूळ कंपनाबरोबर अनेक उपस्वर असतात आणि त्यांच्या कमी-अधिक प्रमाणावर आवाजाची जात ठरते, हे हेल्महोल्त्सने प्रयोगांनी दाखवले. थिओडोरने या विचाराचा उपयोग करून पाहिला. तारेचा वाजणारा भाग आणि तिचा खुंटीकडचा भाग यांच्यामध्ये जो तुकडा एरवी दाबून मुका ठेवत, तो ठराविक लांबीचा करून मोकळा सोडला. म्हणजे मूळ तारेबरोबर तोही आपोआप गुणगुणावा. सतारीच्या तरफेच्या तारा आठवल्या की ही कल्पना चटकन कळेल. याचे पेटंट १८७२ सालचे आहे. १८८० साली त्याने आणखी एक पेटंट घेतले. मेपल लाकडाचे पातळ लांब थर सरसाने एकावर एक चिकटवून पियानोची वळणदार कड एकाच वेळी वाकवण्याची ती पद्धत होती. ती आजही चालू आहे.

हातोडी तारेला किती काळ टेकते आणि त्याने स्वर कसा बदलतो, हा प्रश्न मात्र नंतरही सोपा ठरला नाही. आपल्या सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात असताना भवनाथ बॅनर्जी यांच्यासह त्यावर काम केले. त्यांचा निबंध १९२० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

मैफल, जाहिरात आणि संप

चांगली वस्तू बनवली म्हणजे ती खपतेच असे नाही, हे विल्यमने ओळखले होते. १८६६ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये दोन हजारांहून अधिक श्रोत्यांचे स्टाइनवे सभागृह उघडले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्टाइनवे आणि चिकरिंग या दोघांनाही सुवर्णपदके मिळाली. मग खरे श्रेष्ठ कोण, यावरून वृत्तपत्रांत जाहिरातींचे युद्ध पेटले. १८७२-७३ मध्ये स्टाइनवेंनी रशियन वादक आंतोन रुबिनश्टाइन यांचा अमेरिका दौरा घडवून आणला. त्यांनी २३९ दिवसांत २१५ मैफली केल्या. वादकामुळे पियानोचे नाव आणि पियानोमुळे वादकाची मिळकत, ही जोडी तेव्हापासून पक्की झाली.

याच वर्षांची दुसरी बाजूही पाहू या. १८७२ साली न्यूयॉर्कच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी मोठा संप केला. त्यात पियानो कामगारही होते. त्याच सुमारास विल्यमने शहराबाहेर, पूर्व नदीपलीकडच्या क्वीन्स भागात सुमारे ४०० एकर जमीन घेतली. तिथे लाकडाची वखार, ओतशाळा, कामगारांची घरे, शाळा, वाचनालय आणि बाग असे गावच वसवले. हे औदार्य होते, असे काहीजण म्हणतात. पण कामगारांना शहरातल्या चळवळ्यांपासून दूर ठेवण्याचा आपला हेतू होता, हे विल्यमने स्वतःच सांगितले होते. घराचा मालक आणि कामाचा मालक एकच झाला, तर संप करणाऱ्याने राहायचे कुठे? शाळा आणि वाचनालय चांगलेच, पण हा प्रश्न त्याने मिटत नाही.

१८८० साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे दुसरा कारखाना निघाला. युरोपला तिथून माल जाऊ लागला. एकाच नावाचे, पण दोन देशांतल्या दोन परंपरांचे पियानो तयार होऊ लागले.

मंदी, युद्ध आणि वाळलेले लाकूड

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वर्षाला तीन लाखांहून अधिक पियानो तयार होत. घरात गाणे ऐकायचे तर कोणीतरी वाजवायला हवे, असा तो काळ होता. ग्रामोफोन आणि रेडिओ आले, आणि वाजवल्यावाचून ऐकण्याची सोय झाली. १९२९ नंतरच्या मंदीत अनेक कारखाने कायमचे बंद पडले. स्टाइनवेंनाही काही काळ काम थांबवावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात एकाच कंपनीचे दोन कारखाने दोन शत्रुराष्ट्रांत होते. न्यूयॉर्कच्या कारखान्यात सैन्यासाठी ग्लायडर विमानांचे लाकडी भाग तयार झाले. सैनिकांच्या करमणुकीसाठी हिरवट रंगाचे छोटे उभे पियानोही तिथेच बनले. हॅम्बुर्गच्या कारखान्याला अमेरिकन मालकीमुळे फार थोडे पियानो करता आले. पुढे तर त्यांना वाळवून ठेवलेले सारे लाकूड युद्धाच्या कामासाठी द्यावे लागले. कारखान्यावर बाँबही पडले. इमारत पैशाने पुन्हा उभी राहते. ध्वनिफलकाचे लाकूड मात्र वर्षानुवर्षे वाळावे लागते. त्याला घाई चालत नाही.

टेफ्लॉनचा धडा

विज्ञानाच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा एक प्रसंग युद्धानंतरचा आहे. पियानोच्या पट्टीमागे शेकडो छोटे लाकडी सांधे असतात. त्यांच्या भोकांत लोकरी कापडाचे अस्तर असते. दमट हवेत हे अस्तर फुगते आणि सांधे जड होतात. १९६२ साली न्यूयॉर्कच्या कारखान्याने कापडाऐवजी टेफ्लॉन वापरायला सुरुवात केली. टेफ्लॉन ओलावा शोषत नाही, घर्षणही अत्यल्प. कागदावर उपाय बिनतोड होता.

पण टेफ्लॉन बसवले होते लाकडात. हवेतला ओलावा बदलला की लाकूड फुगे, आकसे. टेफ्लॉन मात्र जसेच्या तसे. दोघांचे बसणे बिघडे, सांधा कधी घट्ट होई तर कधी सैल, आणि वाजवताना टकटक ऐकू येई. कापड लाकडाबरोबर थोडे दबत होते, थोडे पसरत होते. त्याचा ‘दोष’ हाच त्याचा गुणही होता. वीस वर्षांनी, १९८२ साली, कारखाना कापडाकडे परतला. एखादा भाग सुधारताना त्याचे शेजारी कोण आहेत हे पाहावे लागते, एवढा साधा धडा शिकायला वीस वर्षे गेली.

घराण्यापलीकडे

१९७२ साली स्टाइनवे कुटुंबाने कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली. त्यानंतर १९८५ आणि १९९५ साली मालक बदलले. २०१३ साली एका गुंतवणूक संस्थेने ती सुमारे ५१ कोटी डॉलरला घेतली. दरम्यान जपानमध्ये यामाहा आणि कावाई यांनी चांगल्या दर्जाचे पियानो मोठ्या संख्येने बनवून दाखवले. १९९२ पासून स्टाइनवेंनीच आपल्या आराखड्याचे, बॉस्टन नावाचे पियानो कावाईकडून बनवून घ्यायला सुरुवात केली. क्वीन्स आणि हॅम्बुर्ग येथील कारखाने आजही चालू आहेत. एक मोठा पियानो पुरा व्हायला तिथे जवळपास वर्ष लागते.

मग नाव टिकले म्हणजे नेमके काय टिकले? कुटुंब राहिले नाही. पेटंटांची मुदत केव्हाच संपली, ती रचना आता सगळेच वापरतात. टिकले ते बरेचसे हातांतले ज्ञान. नमद्याच्या हातोडीला सुया टोचून तो किती मऊ करायचा, हे कारागीर एकेक स्वर ऐकत ठरवतो. ते कोणत्याही सूत्रात पुरते लिहिलेले नाही. सूत्रावाचून बिडाची चौकट आणि तारांचा हिशेब जमला नसता. त्या कानावाचून वाद्य बोलके झाले नसते. आपल्या शाळांत प्रयोगशाळा एका टोकाला आणि कार्यानुभवाची खोली दुसऱ्या टोकाला असते. पुढच्या वेळी सोनोमीटर काढाल तेव्हा विद्यार्थ्यांना तारेचे सूत्र तर सांगाच, पण ती तार सुरात लावायलाही सांगा. सूत्राने काढलेली लांबी आणि कानाला पटलेली लांबी यांत किती फरक पडतो, ते त्यांनाच मोजू द्या.